गुब्बिओचा उभा पाळणा: उम्ब्रियातलं डोंगरउतारावरचं एक गाव आणि त्याच्या रोपवेचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी पाच. रिव्ह्यू आहे फुनिव्हिया कोल्ले एलेत्तोचा, म्हणजे इटलीतल्या उम्ब्रिया प्रांतात गुब्बिओ नावाचं जे जुनं गाव आहे तिथून मागच्या मोन्ते इन्जिनो डोंगरावर जाणाऱ्या रोपवेचा. पण नुसत्या रोपवेबद्दल लिहून भागणार नाही कारण गाव कळल्याशिवाय हा रोपवे कळत नाही, आणि खरं सांगायचं तर रोपवेत उभं राहिल्याशिवाय गावही नीट कळत नाही. त्यामुळे लांबलचक होणार आहे, घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा की वर पाळण्याने जायचं आणि खाली पायी उतरायचं. उलटं करू नका आणि दोन्ही वेळा पाळण्यानेही करू नका.

आपल्याकडचे लोक इटलीला जातात ते रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस करून परत येतात, फार तर आसिसी. गुब्बिओ आसिसीपासून गाडीने तासाभराच्या आसपास आहे पण तिकडे फारसं कोणी वळत नाही, कारण गावाला रेल्वे स्टेशनच नाही. रोम-आन्कोना लाईनवर फोस्सातो दि व्हीको नावाचं छोटं स्टेशन आहे, तिथे उतरून बस पकडायची, किंवा पेरुजाहून बस घ्यायची. माझ्या मते हीच गोष्ट गावाच्या पथ्यावर पडलीये. टस्कनीतल्या बऱ्याच डोंगरी गावांमध्ये आता संध्याकाळी सहानंतर फक्त टुरिस्ट आणि वेटर उरतात. इथे तसं नाही, इथे लोक राहतात, कामाला जातात, भांडतात, कपडे वाळत घालतात. पूर्ण नगरपालिकेची लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास आहे पण तिचा पसारा खूप मोठा, आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या, शेतं, डोंगर सगळं त्यात येतं. तटबंदीच्या आतलं जुनं गाव तसं लहानच, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सहज चालत जाता येतं, फक्त चढ आहे. सगळीकडे चढ आहे.

आता पाळणा. पोर्ता रोमाना नावाच्या वेशीजवळ खालचं स्टेशन आहे. १९६० साली सुरू झालेला हा रोपवे आहे आणि त्यात बंद केबिन नाही, खुर्चीपण नाही. लोखंडी सळ्यांचा कमरेच्या वरपर्यंत येणारा उघडा पिंजरा, त्यात दोन माणसं उभी राहतात, बस्स. आणि तो तुमच्यासाठी थांबत नाही! जमिनीवर खूण केलेली असते तिथे उभं राहायचं, मागून पिंजरा येतो, तिथला माणूस हाताला धरून आत घेतो, मग दुसरा माणूस, दार लावलं की तुम्ही हवेत. माझ्यासोबत आई होती, तिने आधीचे दोन-तीन पिंजरे जाऊ दिले, नुसतं बघितलं लोक कसे चढतायत ते, आणि मग म्हणाली, "चल, जमेल." तिथल्या माणसाने तिला घाई केली नाही, हसून थांबला, आणि तिची वेळ आली तेव्हा तिचा दंड असा घट्ट पकडला की तिला उडी मारावीच लागली नाही. सर्व्हिसला पाच स्टार मी याच्यासाठी देते, कारण ज्या गोष्टीत भीती वाटू शकते तिथे माणूस कसा वागतो हेच बघायचं असतं. वरच्या स्टेशनवरही तसंच, पिंजरा येताना दार उघडतात आणि हात देऊन बाहेर काढतात.

साधारण सहा मिनिटं लागतात. पहिलं मिनिटभर घरांच्या मागच्या बाजू, परसातली झाडं, एखादं मांजर, आणि मग एकदम खाली काही नाही, फक्त ओक आणि पाईनची झाडं, आणि आवाज म्हणाल तर खांबावरून जाताना होणारा खडखड तेवढाच. सुमारे तीनशे मीटर उंची चढतो आपण. तोंड डोंगराकडे करून उभं राहू नका, सुरुवातीलाच वळून गावाकडे तोंड करा. कारण जसजसं वर जाल तसतसं गावाचा आराखडा उलगडत जातो आणि लक्षात येतं की हे गाव डोंगराच्या कुशीत आडव्या पट्ट्यांमध्ये बांधलंय, एकाच्या डोक्यावर एक, करड्या-पांढऱ्या चुनखडीच्या दगडात, आणि मधोमध एक प्रचंड चौक आणि त्याला लागून एक उंच दगडी इमारत. सगळ्यात खाली मैदानात, वेशीबाहेर, रोमन थिएटरचं अर्धवर्तुळ. म्हणजे रोमन लोक खाली सपाटीवर होते, आणि पुढच्या काळात असुरक्षितता वाढली तसं गाव वर डोंगराला जाऊन चिकटलं. हे पुस्तकात वाचून मला कधी डोळ्यासमोर आलं नसतं, पिंजऱ्यातून सहा मिनिटांत आलं.

वर उतरल्यावर थोडं चाललं की सांतुबाल्दोची बासिलिका, म्हणजे मोठं चर्च. संत उबाल्दो हे गुब्बिओचे बिशप होते, ११६० मध्ये वारले, ११९२ मध्ये त्यांना संतपद मिळालं आणि ११९४ मध्ये त्यांचा देह या डोंगरावर आणला. अजूनही तो मुख्य वेदीच्या वर काचेच्या पेटीत आहे, खालून दिसतो. जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा सैन्य घेऊन आला होता तेव्हा उबाल्दोने त्याच्याशी बोलून गाव वाचवलं असं इथले लोक सांगतात. आणि याच बासिलिकेत, बाजूच्या भागात, तीन लाकडी उंच मनोरे ठेवलेले असतात. प्रत्येकात आतून पोकळ असे दोन अष्टकोनी भाग एकावर एक, चार मीटरपेक्षा जास्त उंच, पाया आणि वरची मूर्ती धरून पावणेतीनशे किलोच्या आसपास वजन. यांना चेरो म्हणतात. वर्षभर ते इथे नुसते उभे असतात. बरेच टुरिस्ट एक फोटो काढतात आणि पुढे जातात, त्यांना कोणी सांगतच नाही की आख्खं गाव याच तीन लाकडांभोवती फिरतं. तिथे इंग्रजी माहिती थोडी जास्त असायला हवी होती, ही माझी एक खरीखुरी तक्रार.

तर सांगते. दरवर्षी १५ मेला, म्हणजे उबाल्दोच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, हे तीन चेरो खांद्यावर घेऊन गावातून पळतात आणि शेवटी डोंगर चढून इथे वर आणतात. ज्यांनी जोतिबाच्या यात्रेत सासनकाठ्या नाचवताना बघितल्यात त्यांना हे बघून लगेच आपलं वाटेल. पहिल्या चेरोवर स्वतः उबाल्दो, तो गवंड्यांचा; दुसऱ्यावर संत जॉर्ज, तो व्यापारी आणि कारागिरांचा; तिसऱ्यावर संत अंतोनिओ, तो शेतकऱ्यांचा आणि विद्यार्थ्यांचा. उचलणाऱ्यांना चेरायोली म्हणतात, सगळ्यांची पांढरी पँट, कमरेला लाल पट्टा, गळ्यात लाल रुमाल, शर्ट मात्र वेगळे, उबाल्दोवाल्यांचा पिवळा, जॉर्जवाल्यांचा निळा, अंतोनिओवाल्यांचा काळा. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी चेरो आडवे करून वरून खाली गावात आणतात. मग १५ तारखेला दुपारी बाराला मोठ्या चौकात ते उभे करतात, आणि हा क्षण म्हणजे कळसच असतो, प्रत्येक चेरोचा म्होरक्या हातात मातीची रंगवलेली घागर घेऊन चेरोच्या पायथ्यावर चढतो, चेरो जिथे खाली बसवलाय त्या जागी पाणी ओततो आणि घागर गर्दीत भिरकावून देतो, आणि लोक तिचे तुकडे गोळा करायला अक्षरशः तुटून पडतात कारण तो तुकडा घरात असणं शुभ मानतात. काही घरांच्या शोकेसमध्ये असे तुकडे जपून ठेवलेले असतात. मग चौकाला तीन फेऱ्या, मग दिवसभर गावात मिरवणूक, आणि संध्याकाळी सहाला खरी धाव.

आता गंमत अशी की ही शर्यत आहे पण कोणीही कोणाला ओलांडत नाही. क्रम ठरलेला, उबाल्दो पहिला, जॉर्ज दुसरा, अंतोनिओ तिसरा, दरवर्षी हाच, शतकानुशतकं हाच. मग जिंकायचं काय? तर चेरो पडू द्यायचा नाही, झुकू द्यायचा नाही, आपल्या पुढच्याशी अंतर पडू द्यायचं नाही, पळता पळता खांदे बदलायचे आणि ते बदलताना वेग कमी होऊ द्यायचा नाही. आणि अगदी शेवटी वर बासिलिकेच्या दारात एक चढाओढ असते, उबाल्दोवाले आत शिरून दार लावून घ्यायला बघतात आणि जॉर्जवाले दार लागायच्या आत पोचायला बघतात. त्यावरून पुढे वर्षभर गावातल्या बारमध्ये चर्चा चालते. घर कोणत्या चेरोचं हे बहुतेक वेळा बापाकडून पोराकडे येतं. लहान मुलांसाठी छोटे चेरो असतात, २ जूनला त्यांची वेगळी धाव असते, म्हणजे ट्रेनिंग तिथूनच सुरू. उम्ब्रियाच्या झेंड्यावर जी तीन उभी चिन्हं आहेत ना, ती हीच. आणि इथून अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणीत कामाला गेलेल्या लोकांनी तिकडे जेसप नावाच्या गावात हीच धाव सुरू केली, ती अजून चालू आहे. म्हणजे माणूस पोटासाठी कुठेही गेला तरी काय उचलून नेतो ते बघा.

म्हणूनच म्हणते खाली पायी उतरा. बासिलिकेपासून खाली वेशीपर्यंत नागमोडी रुंद वाट आहे, याच वाटेने चेरो वर येतात. उतरायला तसं सोपं आहे, पायात नीट ग्रिपचे शूज हवेत कारण खडी सैल असते. मी उतरताना प्रत्येक वळणावर थांबून वर बघत होते, की या चढाला एवढं वजन खांद्यावर घेऊन, पळत? गुडघे दुखत असतील तर मात्र सरळ रिटर्न तिकीट काढा, त्यात काही कमीपणा नाही. आईने तेच केलं, ती पाळण्याने उतरली आणि मला खाली चौकात भेटली.

वाट संपली की आधी वरचं गाव लागतं. दुओमो, म्हणजे गावाचं मुख्य चर्च, आणि त्याच्यासमोर ड्यूकचा वाडा, पालाझ्झो दुकाले. उर्बिनोचा प्रसिद्ध ड्यूक फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो १४२२ मध्ये गुब्बिओजवळच जन्मला, त्याने हा वाडा बांधून घेतला. त्यात त्याची अभ्यासाची एक लहानशी खोली होती, भिंतीभर वेगवेगळ्या रंगाच्या लाकडाचे तुकडे जडवून अशी चित्रं केलेली की कपाटं अर्धी उघडी वाटतात आणि आत पुस्तकं, वाद्यं ठेवलेली दिसतात. ती खरी खोली आता इथे नाहीच, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९३९ मध्ये विकत घेतली. इथे आता तिची हुबेहूब प्रतिकृती बसवलीये. प्रतिकृती फार सुंदर केलीये, पण बघताना मला राग आला, आपल्याकडच्या किती वस्तू अशा परदेशी म्युझियममध्ये बसल्यात ते आठवलं. जागेची वस्तू जागेवरच हवी, माझं मत.

मग मोठा चौक, पियाझ्झा ग्रांदे. पिंजऱ्यातून दिसला होता तोच. हा चौक नैसर्गिक नाही, चौदाव्या शतकात डोंगरउतारावर खालून भल्यामोठ्या कमानी बांधून त्यावर हा सपाट तळ उभा केलाय, म्हणजे तुम्ही ज्या फरशीवर उभे असता त्याच्या खाली कमानींचे मजले आहेत. जागा अशी निवडली की गावाचे चारही भाग तिथे येऊन मिळतील, कोणा एकाचा चौक व्हायला नको. एका बाजूला कठडा आणि त्यापलीकडे एकदम खाली छपरं. कडेला ती पिंजऱ्यातून दिसलेली उंच दगडी इमारत, पालाझ्झो देई कोन्सोली, १३३२ ते १३४९ मधलं काम, वर मनोऱ्यात मोठी घंटा. ती १७६९ मध्ये ओतलेली, वजन दोन टनांच्या आसपास, आणि ती वाजवायला घंटावादकांची टीम वर चढते आणि पायाने ढकलून वाजवते! मशीन नाही. सणाच्या दिवशी तिथे असाल तर मान वर करून बघा, घंटेच्या हेलकाव्याबरोबर माणसं दिसतात.

आत म्युझियम आहे आणि याचं तिकीट मात्र चुकवू नका. इथे सात ब्राँझचे पत्रे आहेत, इगुव्हिनो पत्रे म्हणतात त्यांना. पंधराव्या शतकात सापडले, आणि १४५६ मध्ये नगरपालिकेने ते ज्याच्याकडे होते त्याच्याकडून विकत घेतले, पैसे देऊन नाही तर चराईच्या हक्काच्या बदल्यात! ख्रिस्तपूर्व काळात लिहिलेले आहेत, उम्ब्रियन नावाच्या आता मेलेल्या भाषेत, काही पत्रे उम्ब्रियन लिपीत आणि काही लॅटिन लिपीत. त्या भाषेतला एवढा मोठा मजकूर दुसरा कुठलाच नाही. आणि लिहिलंय काय तर पूजाविधी. कोणत्या वेशीपाशी कोणत्या देवाला कोणता बळी द्यायचा, पक्ष्यांचे शकुन कसे बघायचे, गावाभोवती मिरवणूक कशी काढायची, शत्रू गावांना शाप कसा द्यायचा. काही अभ्यासकांना चेरोच्या धावेची मुळं या जुन्या मिरवणुकीपर्यंत जातील असं वाटतं, काहींना नाही. मी काही तज्ज्ञ नाही, पण एकाच डोंगराभोवती इतकी वर्षं माणसं मिरवणुका काढतायत हे पत्र्यांसमोर उभं राहून अंगावर आलं. पत्रे काचेत दोन्ही बाजूंनी बघता येतील असे लावलेत, अक्षरं अगदी ठसठशीत. मी वेळ विसरून उभी होते.

आता या गावातली मला सगळ्यात भारी वाटलेली जागा, आणि तिथे सगळ्यात कमी लोक जातात. गावाच्या मागे दोन डोंगरांच्या मध्ये बोत्ताचोने नावाची खिंड आहे, गावातून चालत जाता येतं, रस्त्याच्या कडेला गुलाबीसर चुनखडीचे थर तिरके झालेले दिसतात. त्या थरांमध्ये एका ठिकाणी साधारण एक सेंटीमीटर जाडीचा मातीचा थर आहे. एवढासा! लोकांनी बोटाने आणि हत्याराने उकरून तिथे खाच पाडलीये. त्याच्या खालचा दगड डायनासोरच्या काळातला आणि वरचा डायनासोर संपल्यानंतरचा. वॉल्टर आल्व्हारेझ नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने इथली माती नेली, त्याचे वडील लुईस हे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ, त्यांनी फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासोबत ती तपासली तर त्यात इरिडियम हा धातू नेहमीच्या सुमारे तीसपट निघाला. पृथ्वीच्या पृष्ठभागावर इरिडियम अगदी कमी असतं, अशनींमध्ये जास्त. त्यावरून १९८० मध्ये त्यांनी मांडलं की मोठा लघुग्रह येऊन आदळला आणि त्यामुळे डायनासोर संपले. पुढे मेक्सिकोत चिक्शुलुबचं विवर त्याच काळातलं निघालं.

आणि इथेच आपला सह्याद्री येतो. कारण त्याच सुमाराला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्या दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर ओतत होते, ज्यातून आपले सगळे कडे, गड, लेणी झाली. लघुग्रहाने सगळं संपवलं की दख्खनच्या ज्वालामुखींनी आधीच हवामान बिघडवून ठेवलं होतं, दोघांचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतायत. म्हणजे एका बाजूचा मुख्य पुरावा या खिंडीत आणि दुसऱ्या बाजूचा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यात! मराठी माणसाने तरी इथे यायलाच हवं. आयुष्यभर ज्या काळ्या दगडावर चढलो त्याच काळाची दुसरी बाजू इथे गुलाबी दगडात बोटाने दाखवता येते. कृपा करून माती उकरून आणू नका, आधीच बरीच गेलीये. रस्ता अरुंद आहे आणि गाड्या जोरात येतात, मुलं बरोबर असतील तर हात धरून चला. गावाच्या दोन मोठ्या सिमेंट कंपन्या, कोलाचेम आणि बार्बेत्ती, त्याही या चुनखडीच्या जिवावरच. इथले कितीतरी लोक टुरिझममध्ये नाहीत, सिमेंटमध्ये आहेत, आणि मला वाटतं त्यामुळेच गाव गाव राहिलंय.

खाली, बस थांबतात त्या मैदानाचं नाव पियाझ्झा क्वारान्ता मार्तिरी, चाळीस हुतात्म्यांचा चौक. २२ जून १९४४ ला, एका जर्मन अधिकाऱ्याला मारल्याचा सूड म्हणून जर्मन सैन्याने गावातल्या चाळीस जणांना गोळ्या घातल्या. जिथे मारलं तिथे स्मारक आहे, गावाच्या कडेला, चालत जाता येतं. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा जपून ठेवल्यात. याचा रिव्ह्यू करायचा नसतो, जाऊन या फक्त.

त्याच चौकात सेंट फ्रान्सिसचं चर्च आहे. फ्रान्सिसने इथल्या माणसं खाणाऱ्या लांडग्याला समजावून माणसाळवलं ही गोष्ट याच गावची. समोर एक लांबच लांब कमानींची इमारत, तिथे विणकरांच्या संघाचे लोक लोकर ताणून वाळवायचे. संध्याकाळी इथून कोर्सो गारिबाल्दीपर्यंत सगळं गाव फिरायला बाहेर पडतं, आजोबा आणि आज्या अगदी इस्त्रीच्या कपड्यात, पोरं आईस्क्रीम घेऊन, तासभर नुसतं इकडून तिकडे. दुपारी मात्र एक ते साडेतीन-चार सगळं बंद, दुकानं पण, तेव्हा तुमची खरेदी त्या हिशोबाने ठेवा. खरेदीत घ्यायचं तर सिरॅमिक. सोळाव्या शतकात मास्त्रो जॉर्जो नावाच्या कारागिराने इथे माणकासारख्या लाल आणि सोनेरी चकाकीची भांडी केली, ती आता मोठ्या मोठ्या म्युझियममध्ये आहेत. व्हिया देई कोन्सोलीवर अजून कारागिरांची दुकानं आहेत, काही ठिकाणी मागे चाक फिरताना दिसतं, तिथलं घ्या. चौकाजवळ जे ढिगाने ठेवलेलं स्वस्त मिळतं ते हाताने केलेलं आहे का विचारून घ्या.

याच रस्त्यावर चालताना घरांना मुख्य दाराशेजारी एक चिंचोळं, जमिनीपासून थोडं उंच दुसरं दार दिसेल, बरीचशी बुजवलेली. मेलेल्याची शवपेटी फक्त या दाराने काढायचे अशी दंतकथा आहे, जाणकारांचं म्हणणं की ते वरच्या मजल्यावर जायचं दार होतं, खालचं दुकानाचं. मला दुसरं जास्त पटतं. पुढे बार्जेल्लोचं कारंजं आहे, त्याला तीन फेऱ्या मारायच्या, इथल्या माणसाने साक्षीला उभं राहायचं आणि अंगावर कारंज्याचं पाणी उडवायचं, की मिळालं तुम्हाला वेड्याचं लायसन्स, कागदावर, नावानिशी! गुब्बिओच्या लोकांना इतर गावांचे लोक वेडे म्हणतात आणि यांना त्याचा अभिमान आहे. आईने तीन फेऱ्या मारल्या आणि आता तिचं लायसन्स आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय.

जेवणाचं. क्रेशा खा, दोन वेळा खा. गव्हाच्या पिठाची जाड, गोल, गरम तव्यावर भाजलेली भाकर, मधून फोडून आत भरून देतात. शाकाहारी असाल तर लसणात परतलेल्या पालेभाज्या आणि चीज सांगा, पोट फुल्ल आणि खिशाला परवडतं. थंडीत असाल तर इम्ब्रेच्चाता, कडधान्यं आणि धान्यं घालून केलेलं दाट सूप, पण आधी विचारून घ्या त्यात डुकराचं मांस आहे का. मांसाहारी लोकांनी फ्रिक्को घ्यावं, कोंबडी, ससा, कोकरू वगैरे वाईनमध्ये हळूहळू शिजवलेलं. ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी बुरशी, इथली खासियत, पांढरा ट्रफल शरद ऋतूत येतो, त्याची जत्रा पण भरते. एका मोठ्या चौकाजवळच्या हॉटेलात, नाव लिहीत नाही, ट्रफलचा पास्ता म्हणून जे समोर आलं त्याला फक्त बाटलीतल्या ट्रफल तेलाचा वास होता आणि बिल खऱ्या ट्रफलचं. त्यापेक्षा खालच्या गल्ल्यांमध्ये जिथे दुपारी कामगार जेवायला बसतात तिथे बसा, तिथे मेनू कागदावर हाताने लिहिलेला असतो आणि मालकीणबाई स्वतः येऊन सांगतात आज काय चांगलं झालंय.

काही प्रॅक्टिकल गोष्टी. पाळणा जोराच्या वाऱ्यात किंवा वीज-पावसात चालत नाही आणि हिवाळ्यात वेळा कमी असतात, त्यामुळे त्या दिवशीची वेळ आधी बघून जा. व्हीलचेअरवाल्यांना किंवा ज्यांना पटकन पाऊल उचलता येत नाही त्यांना पाळणा शक्य नाही, पण बासिलिकेपर्यंत गाडीचा रस्ता आहे, टॅक्सी करा. गावात मात्र खालच्या भागातून मोठ्या चौकाकडे आणि पुढे दुओमोकडे जायला सार्वजनिक लिफ्ट आहेत, फुकट, आणि बऱ्याच टुरिस्टना त्या माहीतच नसतात, उगाच धापा टाकत चढतात. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी ही लिफ्ट आधी शोधा. पिंजऱ्यात फोन धरताना दोरी गळ्यात घाला. टोपी काढून ठेवा. थंडी वर जास्त वाजते, उन्हाळ्यातही एक जॅकेट असू द्या.

डिसेंबरात जाणार असाल तर ७ तारखेपासून मोन्ते इन्जिनोच्या उतारावर दिव्यांचं ख्रिसमस ट्री लावतात, १९८१ पासून, साडेसहाशे मीटरपेक्षा उंच, डोंगरभर पसरलेलं, १९९१ मध्ये गिनीजमध्ये जगातलं सगळ्यात मोठं म्हणून नोंद झाली. २०११ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी ते व्हॅटिकनमधून टॅब्लेटवर बोट लावून पेटवलं होतं. हे काम गावातले स्वयंसेवक करतात, तारा, दिवे सगळं डोंगरावर चढवून. ते बघायला गावात नाही, थोडं लांब मैदानात उभं राहावं लागतं, तेव्हा गाडी असेल तर उत्तम.

आणि १५ मेला जायचं ठरवलंत तर खोली निदान पाच-सहा महिने आधी बुक करा, त्या आठवड्यात गावात जागा मिळत नाही, नातेवाईक जगभरातून घरी येतात. दुपारी बाराला चौकात मधोमध उभं राहायचा हट्ट करू नका, गर्दी प्रचंड असते आणि चेरो फेऱ्या मारताना लोक मागे रेटले जातात, लहान मुलांना तर अजिबात नेऊ नका. त्याऐवजी संध्याकाळी वेशीच्या वरच्या नागमोडी वाटेवर आधीच जाऊन एका वळणाच्या आतल्या बाजूला, कठड्याला टेकून जागा धरा, पाण्याची बाटली घ्या, आणि चेरो येताना दिसले की फोन खिशात ठेवा कारण ते तुमच्या समोरून जायला काही सेकंदच लागतात.